भूमिती आवडते, पुढे काय शिकायचे?

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या अम्मी-अब्बांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. सायन्स घ्यायचे की कॉमर्स, कॉलेज कोणते, क्लास लावायचा का. यंदा एक प्रश्न जरा वेगळा आला. मुलीला गणित भाग २ मध्ये ४० पैकी ३९ गुण, भाग १ मध्ये मात्र २८. अम्मी म्हणाल्या, "सर, हिला भूमिती सोडून दुसरे काही दिसतच नाही. तिचे मामू म्हणतात, बायोलॉजी घे आणि गणित सोडून दे. भूमितीची कुणी डिग्री करते का?"

मामूंचे शेवटचे वाक्य खरे आहे. भूमिती नावाची पदवी आपल्याकडे कुठे मिळत नाही. पण म्हणून गणित सोडा, हा सल्ला आम्हाला पटला नाही, आणि तो का पटला नाही हे सांगण्यासाठीच या महिन्याचे पान.

आधी एक खुलासा. अकरावीत गेल्यावर ही मुले हमखास गोंधळतात. दहावीपर्यंत भूमिती म्हणजे आकृती काढा, पक्ष लिहा, साध्य लिहा, सिद्धता द्या. अकरावी-बारावीत ती आकृती जवळजवळ नाहीशी होते. सरळ रेषा येते ती समीकरण होऊन, वर्तुळ येते तेही समीकरण होऊन. शंकुच्छेद, सदिश, त्रिमितीय भूमिती, सगळीकडे आकडेमोड. ज्या मुलाने रायडर सोडवण्यात रात्री घालवल्या, त्याला वाटते आपला विषयच गेला. विषय गेलेला नसतो, त्याने कपडे बदललेले असतात. आकृती हाताने काढायची आणि समीकरण तिच्या शेजारी लिहायचे, ही सवय अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून लावली तर ओळख पुन्हा पटते.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना दुहेरी अडचण होते. मुसल्लस, ज़ाविया, दायरा, वतर हे शब्द ज्यांच्या जिभेवर बसलेले आहेत, त्यांच्यासमोर कॉलेजात एकदम ट्रँगल, अँगल, सर्कल, हायपोटेन्युज येतात. मुलाला गणित येत नाही असा समज होतो, प्रत्यक्षात त्याला फक्त नाव कळलेले नसते. आम्ही आमच्या वर्गात मे महिन्यातच एक वही करून घेतो. एका रकान्यात उर्दू, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. दीडशेच्या आसपास शब्द होतात. एवढ्या वहीने अर्धी भीती जाते. आणि जाता जाता, उर्दूत भूमितीला इल्म-ए-हिंदसा म्हणतात, आणि अरबीत इंजिनियरला मुहंदिस म्हणतात. दोन्ही शब्द एकाच घरातले. भूमिती शिकून काय होणार, असे विचारणाऱ्या मामूंना हे एवढे सांगायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. "भूमिती आवडते" हे वाक्य दहा मुले म्हणतात, पण प्रत्येकाला आवडणारी गोष्ट एक नसते. ती ओळखल्याशिवाय कोर्स निवडू नये. आम्ही एक साधा प्रयोग करतो, तो घरीही करता येईल. मुलाला सांगा, कोणताही वेडावाकडा चौकोन काढ. चारही बाजूंचे मध्यबिंदू काढ आणि ते क्रमाने जोड. आत जो चौकोन तयार होतो तो प्रत्येक वेळी समांतरभुज निघतो, बाहेरचा कितीही वाकडा असला तरी. हे सांगायचे नाही, त्याला दिसू द्यायचे. मग गप्प बसून मुलगा काय करतो ते पाहायचे.

काही मुले लगेच विचारतात, असे का होते? आणि उत्तर मिळेपर्यंत उठत नाहीत. (उत्तर नववीच्या पुस्तकात आहे. बाहेरच्या चौकोनाचा एक कर्ण काढा, दोन त्रिकोण होतात, दोन्हींत मध्यबिंदूचे प्रमेय लावा. आतल्या दोन समोरासमोरच्या बाजू त्या कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या.) काही मुले का हे विचारत नाहीत, ती आतल्या चौकोनात पुन्हा मध्यबिंदू जोडतात, त्याच्या आत पुन्हा, मग एकाआड एक रंग भरतात. काही मुले पट्टी घेऊन बाजू मोजतात, क्षेत्रफळ काढतात आणि सांगतात की आतला बरोबर निम्मा आहे. तिन्ही मुले हुशार आहेत. पण तिघांची विद्यापीठे वेगळी आहेत.

"का" विचारणाऱ्या मुलासाठी गणिताची पदवी. इथे पालक चटकन म्हणतात, बीएस्सी मॅथ्स करून शेवटी मास्तरच ना? आम्ही स्वतः मास्तर आहोत, म्हणून या प्रश्नाचे वाईट वाटून घेत नाही. शिकवणे हे चांगले काम आहे, आणि बीएस्सीनंतर बीएड हा रस्ता अजून चालू आहे. भोपाळच्या रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनसारख्या ठिकाणी बारावीनंतर चार वर्षांत बीएस्सी-बीएड एकत्र होते आणि तिच्या क्षेत्रात महाराष्ट्र आणि गोवाही येतात. पण गणित शिकलेल्यांना आज संगणकाचे ग्राफिक्स, रोबो, नकाशे, विमा, सांख्यिकी असे कितीतरी दरवाजे आहेत. पडद्यावर फिरणारी मोटार फिरते ती मॅट्रिक्सने, आणि मॅट्रिक्स हा गणिताच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विषय.

मात्र या मुलाला आधीच सांगून ठेवावे की पदवीच्या पहिल्या वर्षात भूमिती फारशी भेटणार नाही. लिनियर अल्जेब्रा, कॅल्क्युलस, रिअल अ‍ॅनालिसिस, ग्रुप थिअरी असे विषय समोर येतील. कंटाळून सोडू नये, कारण पुढची भूमिती याच पायावर उभी राहते. वक्र किती वळला हे मोजायला कॅल्क्युलस लागते. जाळीची नक्षी फिरवली तरी तशीच दिसते, त्या "तशीच दिसण्या"चा हिशेब ग्रुप थिअरी ठेवते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास डिफरन्शियल जॉमेट्री आणि टोपॉलॉजी येतात, तेव्हा मुलाला कळते की शाळेतली भूमिती हे फक्त अंगण होते.

त्या अंगणाबाहेर काय आहे याचा एक नमुना द्यावासा वाटतो. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत दोन रेखावृत्ते ओढा, एकमेकांपासून ९० अंशांवर. विषुववृत्त ही तिसरी बाजू. या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन आहेत, बेरीज २७०. शाळेत १८० पाठ केलेले असते, आणि ते खोटेही नाही, फक्त ते सपाट कागदावरचे आहे. आपल्या घरातलेच उदाहरण घ्यायचे तर किब्ल्याची दिशा. मक्का मुंबईच्या अक्षांशापेक्षा जेमतेम अडीच अंश उत्तरेला आहे. सपाट नकाशावर रेघ ओढली तर दिशा पश्चिमेपासून चारेक अंश उत्तरेकडे येते. पण पृथ्वी गोल धरून हिशेब केला तर ती सुमारे १० अंश येते. हा हिशेब गोलीय त्रिकोणाचा, आणि अल-बिरूनीसारख्या गणितींनी हजार वर्षांपूर्वी त्यावर मेहनत घेतलेली आहे. अकरावीतल्या मुलाला त्रिकोणमिती कशाला शिकायची असा प्रश्न पडला, तर आम्ही हे सांगतो.

कुठे शिकायचे? जवळचे चांगले कॉलेज हे पहिले उत्तर आहे आणि त्यात कमीपणा नाही. पण बारावीच्या वर्षी काही परीक्षा जरूर द्याव्यात. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा बंगळुरूचा बी मॅथ आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा बीएस्सी ऑनर्स, या दोन्हींच्या प्रवेश परीक्षेत फक्त गणित असते. केमिस्ट्रीत अडखळणाऱ्या पण गणितात धावणाऱ्या मुलासाठी ही मोठी सोय आहे. प्रश्न मात्र घोकंपट्टीचे नसतात, सिद्धता लिहावी लागते. दहावीत ज्याने प्रमेये पाठ न करता समजून घेतली, त्याला इथे फायदा होतो. बी मॅथला विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळत आले आहे, हे फी बघून मागे फिरणाऱ्या घरांनी लक्षात ठेवावे. पुण्याच्या आयसरला आयएटी नावाची परीक्षा आहे, तिच्यात भौतिक, रसायन, जीव आणि गणित असे चारही विषय असतात. मुंबई विद्यापीठाच्या आवारात अणुऊर्जा विभागासोबत चालणारे सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेस आहे, पाच वर्षांची एकत्रित एमएस्सी, परीक्षा नेस्ट. आयआयटी मुंबईलाही गणिताची चार वर्षांची बीएस आहे, पण तिथे जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून जावे लागते.

यातले काहीच मिळाले नाही आणि मूल तालुक्याच्या कॉलेजातच राहिले तर? तरीही एक गोष्ट करता येते, आणि ती फार थोड्या घरांना माहीत आहे. एमटीटीएस, म्हणजे मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च. १९९३ पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे देशातल्या वेगवेगळ्या ठिकाणी हे वर्ग चालतात. तिथे सूत्रे सांगत नाहीत, मुलांना प्रश्न विचारून विचारून सिद्धता त्यांच्याकडूनच काढून घेतात. साध्या कॉलेजच्या मुलाला चांगल्या एमएस्सीपर्यंत पोचवणारा याच्यासारखा दुसरा जिना आमच्या पाहण्यात नाही.

कॉलेज निवडताना इमारत आणि फाटक बघू नका. अभ्यासक्रम मागून घ्या आणि तिसऱ्या वर्षाचे पान उघडा. डिफरन्शियल जॉमेट्री किंवा टोपॉलॉजी आहे का? असेल तर खरोखर शिकवतात, की नुसती यादीत ठेवलेली आहे? हे तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलाला गेटवर गाठून विचारले तर पाच मिनिटांत खरे कळते.

मुलींच्या पालकांसाठी एक नाव. मरियम मिर्झाखानी, जन्म १९७७, तेहरान. लहानपणी तिला लेखिका व्हायचे होते, आणि शाळेत एक वर्ष असे गेले की गणितात ती मागे होती. पुढच्या वर्षी उस्ताद चांगले मिळाले. १९९४ आणि १९९५ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदके घेतली, तेहरानच्या शरीफ विद्यापीठातून पदवी आणि हार्वर्डमधून डॉक्टरेट केली. तिचे काम वक्र पृष्ठांच्या भूमितीवर होते. २०१४ मध्ये तिला फील्ड्स पदक मिळाले, ते मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. जमिनीवर मोठमोठे कागद पसरून ती तासन् तास आकृत्या काढत बसायची, तिच्या छोट्या मुलीला वाटायचे अम्मी चित्र काढते आहे. २०१७ मध्ये, वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी, ती कर्करोगाने गेली. आपली प्रत्येक मुलगी मिर्झाखानी होईल असे नाही. पण कागद पसरून बसलेल्या मुलीला उठवून भांड्यांकडे पाठवण्याआधी ती काय काढते आहे ते एकदा वाकून बघावे, एवढे तरी करता येईल.

रंग भरणारी मुले आर्किटेक्चरकडे किंवा डिझाइनकडे जातात. ज्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिल्या आहेत, त्यांना कर्तव्यभूमितीचा पेपर आठवत असेल. तो ज्याला आवडला, त्याने बी आर्चचा विचार करावा. पाच वर्षांचा कोर्स. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, आणि नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. मुंबईचे सर जे. जे. सगळ्यांना ठाऊक आहे, खासगी कॉलेजे तर गावोगाव आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता तपासा, कारण ती नसेल तर पदवी हातात असूनही आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होत नाही. खर्च फक्त फीचा नसतो. शीट, मॉडेलचे पुठ्ठे, प्रिंट, लॅपटॉप हे सगळे वर्षभर चालू राहते, आणि सबमिशनच्या आठवड्यात मूल रात्र रात्र जागते. घरात ही तयारी हवी.

या मुलांना आम्ही एकदा विजापूरला जायला सांगतो, सोलापूरहून लांब नाही. गोल घुमट बघताना कुजबुज ऐकून परत येऊ नका. मान वर करून बघा की चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवला कसा. दोन चौरस, एकमेकांवर ४५ अंशांनी फिरवलेले, त्यांच्या बाजूंवर एकमेकांना छेदणाऱ्या कमानी, आणि त्यातून निघालेल्या अष्टकोनी कड्यावर घुमट. कंपास आणि पट्टीने हे आठवीतला मुलगा काढू शकतो. आर्किटेक्चर आवडते की नाही हे तिथे अर्ध्या तासात समजते. डिझाइनकडे ओढा असेल तर यूसीड ही परीक्षा आहे, आयआयटी मुंबईच्या बी डेससाठी. तिला आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कुठल्याही शाखेचे मूल बसू शकते, हे आर्ट्सला गेलेल्या मुलांना कुणी सांगतच नाही.

राहिली मोजणारी मुले. यांच्यासाठी दहावीनंतरच दोन चांगले रस्ते आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत. एक पॉलिटेक्निक, सिव्हिल किंवा मेकॅनिकलची तीन वर्षांची पदविका. इंजिनियरिंग ड्रॉइंगमध्ये या मुलांचा हात कुणी धरत नाही. पुढे इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. दुसरा आयटीआय, ड्राफ्ट्समन किंवा सर्व्हेअर, दोन्ही दोन वर्षांचे. भूमी अभिलेख खात्याच्या भूकरमापक भरतीत सिव्हिलची पदविका किंवा दहावीनंतर सर्व्हेअरचा आयटीआय चालतो. शेताची मोजणी, बांधावरचे भांडण, सातबाराची ओढाताण आपल्या गावांना नवीन नाही, आणि मोजणारा माणूस आपल्यातलाही असावा असे आम्हाला वाटते. अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन एकोणिसाव्या शतकात जॉर्ज एव्हरेस्टच्या हाताखाली सर्वेक्षणाची यंत्रे तयार करायचे आणि दुरुस्त करायचे. साऱ्या हिंदुस्थानची त्रिकोणांनी मोजणी चालली होती, आणि त्या मोजणीची यंत्रे या माणसाच्या हाताखालून जात होती. बारावीनंतर भूगोल घेऊन पुढे जिओइन्फर्मेटिक्सला जाणारा तिसरा रस्ताही आहे, उपग्रहाचे नकाशे आणि संगणक असे ते काम.

त्या मुलीचे काय झाले, ते सांगायला हवे. ती पहिल्या जातीची आहे, "का" विचारणारी. आम्ही अकरावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी असे चारही विषय घ्यायला सांगितले. त्यामुळे मामूंची नीटही शाबूत राहिली. अभ्यास जास्त होईल, पण सोळाव्या वर्षी दार बंद करून घेण्यापेक्षा ते बरे. बायोलॉजीसाठी गणित सोडले की बी आर्च, बी मॅथ, इंजिनियरिंग सगळे एका सहीने जाते, आणि ती सही बहुतेक वेळा मुलाची नसतेच. भाग १ चे २८ गुण मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. बीजगणिताशिवाय पुढची भूमिती चालत नाही, म्हणून सुट्टीत रोज तासभर बीजगणित, हे आम्ही अम्मींसमोरच कबूल करून घेतले.

शेवटी कागदपत्रे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. अट अशी की मुलगी ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी गटातली हवी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवे आणि प्रवेश केंद्रीभूत पद्धतीने झालेला हवा. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात, पण दाखला काढलेला नसतो, आणि काढला असला तरी जात पडताळणी राहिलेली असते. पडताळणीला वेळ लागतो. ते काम अकरावीच्या दिवाळीत सुरू करा, बारावीच्या निकालानंतर नव्हे. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर यांची मुदत बघून ठेवा, मुलीच्या नावाचे स्पेलिंग आधार, दहावीचे प्रमाणपत्र आणि बँक खाते या तिन्हींवर एकच आहे का तेही. आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते "शेख" आणि "शैख" यांच्या फरकावर.